पाण्यात उभ्या बाभळी

मार्च उलटला की बीड जिल्ह्यातल्या माजलगाव धरणाचं पाणी मागं सरकायला लागतं. दिवाळीत जिथं लाटा लागत होत्या तिथं आता ओला काळा गाळ पसरलेला असतो. गाळावर बगळ्यांच्या पायांची नक्षी असते आणि थोडं आत, गुडघाभर पाण्यात, बाभळीचे सांगाडे उभे असतात. त्यांची साल कधीच गळून गेलेली असते. फांद्या उन्हापावसानं राखाडी-पांढऱ्या पडलेल्या असतात आणि शेंड्यावर पंख वाळवत एखादा पाणकावळा बसलेला असतो. शिंदफणेवरचं हे धरण १९८७ साली पुरं झालं. फुगवट्यात उभी असलेली अशी झाडं दोन प्रकारची. काही मुळात कुणाच्या तरी बांधावरची. काही मात्र लागोपाठच्या कोरड्या वर्षांत तळाच्या गाळातच उगवलेली, चांगली मनगटाएवढी झालेली आणि मग एखाद्या भरल्या पावसाळ्यात बुडालेली.

ही झाडं रंगवायला मी पहिल्यांदा बसलो तेव्हा पाण्याच्या रेषेजवळ खोड बारीक झालेलं का दिसतं, हे मला कळेना. वर जाड, खाली जाड आणि मध्ये कुणी तासून काढल्यासारखं. मला वाटलं आपली नजर चुकतेय, म्हणून चित्रात खोड सरळ केलं. जवळच जाळं आवरत बसलेल्या म्हाताऱ्या भोयानं कागदाकडं पाहिलं आणि म्हणाला, "सर, बुडालेलं लाकूड कुजत नसतंय. उघडं-झाकं होतंय ते कुजतंय."

या प्रकरणाला जे सांगायचं आहे ते त्याच्या या एका वाक्यात आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते तशी हवाही लागते. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला हवा मिळत नाही, वरच्या वाळलेल्या भागाला ओल मिळत नाही. दोन्ही मिळतात ते पाण्याच्या चढ-उताराच्या पट्ट्यात. तिथंच खोड झिजतं आणि शेवटी तिथंच मोडतं. पाण्यातलं जुनं झाड रंगवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो झाड काढेल आणि त्याखाली पाणी काढेल, पण पाण्यातलं झाड त्याच्या हातून उतरणार नाही. पाण्यानं त्या झाडाचं काय केलं, हे या चित्राचं खरं गाभ्याचं काम आहे.

जगात हा विषय जुना आहे. सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब व्हान रॉइसडाल यानं जंगलातल्या दलदलीचं एक मोठं तैलचित्र केलं. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. त्यात स्थिर काळं पाणी आहे, त्यावर कमळवेलींची पानं आहेत आणि काठावर वाकलेले, मोडलेले, तरीही पानं धरून असलेले जुने वृक्ष आहेत. अमेरिकेत जोसेफ रस्लिंग मीकर हा यादवी युद्धाच्या काळात नौदलात पगारवाटपाचा अधिकारी होता. मिसिसिपीच्या खोऱ्यात युद्धनौकेवर फिरताना त्यानं लुइझियानाच्या दलदलींची रेखाटनं केली आणि युद्धानंतर कित्येक वर्षं तो त्याच वह्यांवरून पाण्यात उभे असलेले सायप्रस रंगवत राहिला.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो चीनमधला ग्वो शी. त्याचं साधारण १०८० सालचं लांब गुंडाळीचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. धुक्यात विरलेलं नदीकाठचं सपाट मैदान, पुढं जुनी वठलेली झाडं आणि वाटेनं चाललेली दोन म्हातारी माणसं. नुसती शाई, रंग जवळपास नाहीच. त्याच्या झाडांच्या फांद्या टोकाला खाली वळून आकड्यासारख्या होतात. चिनी जाणकार या रेघेला खेकड्याच्या नांग्यांची उपमा देतात. त्या चित्राची छापील प्रत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आठवली ती गेवराईच्या वाटेवरची उन्हाळ्यातली निष्पर्ण हिवरं. फांदी तशीच वाकडी, टोक तसंच आत वळलेलं.

आता प्रश्न असा, की बीड जिल्ह्यात दलदल कुठली? वर्षाला सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. जंगलाखालचं क्षेत्र दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडणारा हा मुलूख. इथं पाण्यातल्या झाडांचं चित्र म्हटलं की ऐकणारा आधी चमकतो. पण जिल्ह्याची भाषाच सांगते की पाणी आणि चिखल इथं माणसाच्या बारीक ओळखीचे आहेत. पाणी निचरत नाही ती जमीन चिबड. नदीनं आणून टाकलेल्या गाळाची ती मळई. धरणाचं पाणी हटल्यावर उघडी पडते ती गाळपेर. गोदावरीला इथं गंगाच म्हणतात आणि तिच्या काठचा पट्टा तो गंगथडी. कोरड्या मुलखातल्या माणसाला ओलीचे इतके प्रकार माहीत असतात, कारण प्रत्येक प्रकारावर त्याचं काहीतरी अवलंबून असतं.

जिल्ह्याच्या मधून बालाघाटाची रांग गेली आहे. पाटोदा तालुक्यातल्या या डोंगरात मांजरा उगवते आणि तिथल्याच डोंगरात शिंदफणाही. मांजरा दक्षिणेच्या अंगानं निघून पुढं सातशे किलोमीटरांहून लांब वाट चालते. शिंदफणा मात्र उत्तरेच्या सखल भागात उतरते, वाटेत बीड शहरातून आलेल्या बिंदुसरेला पोटात घेते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. या नद्यांच्या काठी जी जुनी झाडं आहेत तीच या प्रकरणाची पात्रं आहेत.

त्यातला करंज आधी घ्यावा, कारण तो ओढ्याकाठी सगळीकडं असतो आणि त्याच्याकडं कुणी बघत नाही. मुळाशी पाणी साचलं तरी तो तगतो. पुरानं काठ खरवडला की त्याची मुळं उघडी पडतात, एकमेकांत गुंतलेली, मध्ये अडकलेल्या दगडगोट्यांसकट. करंजाचं चित्र काढायचं तर पानांपेक्षा ती मुळं काढावीत. अर्जुन ऐटदार. त्याची साल मोठ्या पापुद्र्यांनी सुटते आणि खाली गुळगुळीत, फिकट राखाडी, जराशी गुलाबी छटेची कातडी दिसते. ढगाळ दिवशी ओल्या काठावर अर्जुनाचं खोड स्वतःहून उजळल्यासारखं वाटतं. उंबराचे घोस थेट खोडाला. शिंदीची झाडं ओढ्याच्या वळणावर तीन-चारच्या घोळक्यात, माना वेगवेगळ्या दिशांना केलेल्या. वाळुंज हे आपल्याकडचं विलोचं भावंड. चिनी आणि युरोपीय चित्रांमधला नदीकाठचा विलो पाहून हळहळणाऱ्यांनी आपल्या नद्यांकाठचं वाळुंज एकदा शोधून पाहावं.

आणि बाभूळ. पात्रात, तळ्याच्या पोटात, चिबडात, कुठंही. काही महिने पाण्यात बुडून राहिली तरी जगणारी मोजकी झाडं आपल्याकडं आहेत, त्यांतली ही एक. पण त्यालाही मर्यादा असते. मुळांना श्वास घ्यायला प्राणवायू लागतो आणि हवेत तो जितक्या वेगानं पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. मातीतली सगळी छिद्रं पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात. धरणाच्या फुगवट्यात पाणी वर्षानुवर्षं हटत नाही, तेव्हा बाभूळही हरते. म्हणून ओढ्यातली बाभूळ हिरवी आणि धरणातली पांढरी.

मराठी चित्रकारांनी पाणी भरपूर रंगवलं आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे नाव यात पहिलं घ्यायला हवं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले आणि पंचगंगा, रंकाळा, कोटीतीर्थ यांच्या काठांनी आयुष्यभर चित्रं करत राहिले. सकाळची, दुपारची, पावसातली, धुक्यातली. त्यांचे आश्रयदाते शाहू महाराज १९२२ साली गेले, त्या दुःखात त्यांनी आपली पुष्कळशी चित्रं कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली असं सांगतात. १९३१ साली तेही गेले. पाण्याकाठच्या झाडाची छाया किती थोड्या रंगात उतरवता येते हे शिकायचं तर त्यांच्या उरलेल्या छोट्या कागदांसमोर उभं राहावं. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर हे जलरंगांचे दुसरे मोठे माणूस. पुढच्या पिढीत प्रल्हाद अनंत धोंड यांनी ओल्या कागदावर कोकणचा समुद्र असा उतरवला की कागद वाळल्यावरही त्याचा दमटपणा जात नाही.

कोल्हापूर, कोकण, मुंबई, पुणे. चित्रांचा हा नकाशा पाहिला की मराठवाड्याची जागा मोकळी दिसते. त्याला कारण आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. जे. जे. स्कूल १८५७ पासून मुंबईत होतं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती, पण तिथली शिकवण, प्रदर्शनं, बक्षिसं आणि संग्राहक यांचा ओघ बीडपर्यंत यायला काही वाटच नव्हती. त्याची खूण आजही शाळेच्या वहीत सापडते. निसर्गचित्र काढा म्हटलं की आमच्याकडचं पोरगं दोन त्रिकोणी डोंगर काढतं, मधून सूर्य, खाली वळणाची निळी नदी आणि काठावर नारळ. ज्या मुलानं आपल्या गावच्या नदीला एकदाही निळं पाहिलेलं नाही आणि जिच्या काठी नारळ उभा नाही, ते ही नदी काढतं. मला याचं फार वाईट वाटतं. मुलाचा हात चांगला असतो, नजर तर त्याहून चांगली. फक्त आपल्या ओढ्यातली बाभूळ चित्रात येऊ शकते, असं त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

खरं तर पाण्याकाठच्या जुन्या झाडाचं चित्र याच मराठवाड्यात दोन हजार वर्षांपूर्वी निघालं होतं. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, तिथल्या सर्वांत जुन्या चित्रांमध्ये, सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा रंगवलेली आहे. हत्तींचा कळप, कमळांचं तळं आणि वड. झिजलेल्या गिलाव्यावरही वडाची ओळख पटते, कारण चित्रकारानं कुठलंतरी झाड न काढता वडच काढला आहे.

आता कागदाकडे येऊ. सगळ्यात जास्त चुका होतात त्या प्रतिबिंबात. प्रतिबिंब म्हणजे झाडाची उलटी नक्कल, असं आपण धरून चालतो. पण पाण्यात दिसतं ते झाड आपण पाण्याखालून वर पाहिलं असतं तर दिसलं असतं तसं. त्यामुळं प्रत्यक्ष झाडात फांद्यांची वरची बाजू दिसत असेल तर पाण्यात त्यांची खालची, सावलीतली बाजू दिसते. आपल्याकडं झुकलेल्या झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा लांब होतं, पलीकडं झुकलेल्याचं आखूड. काठापासून दहा पावलं मागं उभा असलेला वड पाण्यात अख्खा दिसत नाही. मधला काठ त्याचं बूड खातो आणि पाण्यात फक्त वरचा घेर उतरतो. हे ज्यानं एकदा काठावर बसून तपासलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही.

दुसरं, पाणी सगळीकडं सारखं आरसा नसतं. पायाशी सरळ खाली पाहिलं तर पाणी आपल्यावर पडलेल्या उजेडातला जेमतेम दोन टक्के परत पाठवतं, बाकीचा आत जातो, म्हणून तळाचे गोटे दिसतात. नजर जितकी दूर आणि तिरपी तितका परत येणारा उजेड वाढतो आणि पलीकडच्या काठाशी पाणी जवळपास पूर्ण आकाशाचं होतं. एकाच नदीचं पाणी चित्राच्या तळाशी तपकिरी आणि वरच्या अंगाला चंदेरी असतं ते यामुळं. खालपासून वरपर्यंत एकच निळा वॉश ओढला की नदीची चादर होते.

तिसरी गोष्ट आपल्या गढूळ पाण्याची, आणि इथं मराठवाड्याचा चित्रकार नशीबवान आहे. नितळ पाण्यावर झाडाची सावली फारशी पडत नाही, उजेड सरळ आत निघून जातो. गढूळ पाण्यात तरंगणारे मातीचे कण उजेड पसरवतात, त्यामुळं पाण्याला स्वतःचा रंग येतो आणि त्यावर सावलीही पडते. म्हणजे पावसाळ्यात शिंदफणेकाठी बसलं तर एकाच झाडाच्या दोन आकृत्या पाण्यावर मिळतात: उभं प्रतिबिंब आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडलेली आडवी सावली. दोन्ही एकमेकांना छेदतात. जिथं सावली पडते तिथं पाण्याचा मातकट रंग मंद होतो आणि प्रतिबिंब अधिक स्पष्ट होतं. हा छेद ज्याला साधला त्याच्या चित्रातलं पाणी ओलं दिसतं. गढूळ पाण्यात गडद वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडं फिकं आणि फिक्या वस्तूचं थोडं गडद ठेवायचं, हेही त्यातच आलं. पांढऱ्या बाभळीचं प्रतिबिंब कोऱ्या कागदाचं ठेवलं तर बाभूळ पाण्यावर ठेवल्यासारखी दिसते, पाण्यात उभी वाटत नाही.

रंग मोजकेच लागतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून जो करडा निघतो तो आमच्या गाळाला फार जवळचा, कारण अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वाळल्यावर गाळासारखाच रवाळ पोत येतो. काळ्या ट्यूबमधला काळा मात्र वापरू नये. काळी माती ओली असताना जांभळट असते, वाळली की राखाडी होते आणि भेगांच्या आत निळसर. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते, त्यातूनच त्या भेगा. पाणी हटलेल्या काठावर त्या आधी पाण्याला समांतर उमटतात, मग आडव्या तुटून त्यांचे तुकडे होतात. खोडाची साल कोरड्या ब्रशनं, गाळ ओल्यावर ओला.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. वॉश अर्धा ओढून होईपर्यंत वरची कड वाळून घट्ट होते. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून फळीवर चिकटवावा, पाण्यात ग्लिसरिनचे दोन-चार थेंब टाकावेत आणि नऊच्या आत आटपावं.

पुराची खूणही नीट पाहावी. ओसरलेल्या नदीकाठी झाडांच्या फांद्यांत काडीकचरा, कडब्याच्या पेंढ्या, प्लास्टिक, एखादं लुगडं अडकलेलं असतं आणि त्याखाली खोडावर गाळाचा सरळ पट्टा. शेजारशेजारच्या दहा झाडांवर तो पट्टा एकाच उंचीला असतो. १९८९ साली बिंदुसरेला आलेल्या पुरानं बीड शहरातल्या वस्त्या उद्ध्वस्त केल्या. त्या पुराबद्दल बोलताना जुनी माणसं हात वर करून पाणी किती होतं ते दाखवतात. झाडावरचा पट्टा तेच दाखवतो. फांदीतला तो कचरा चित्रातून गाळून टाकण्याची आपल्याला सवय आहे. मी तो ठेवतो. तो गाळला तर काठावरचं ते झाड कुठल्याही नदीचं होतं.

याच्या उलट टोकाला २०१६ चा उन्हाळा. केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं, त्यावर तहान भागवणाऱ्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. धरणाचा तळ उघडा पडला की बुंधे वर येतात. वरचं झाड चढ-उताराच्या पट्ट्यात मोडून गेलेलं असतं, पण कायम गाळात राहिलेला बुंधा टणक असतो, कुऱ्हाडीच्या घावांच्या खुणांसकट. त्या रांगा पाहून जुने बांध कुठं होते ते कळतं. बांधाच्या रेघेत बाभूळ, विहिरीपाशी उंबर, पाराजवळ वड किंवा पिंपळ. गावाचा अख्खा आराखडा बुंध्यांवरून काढता येतो.

झाडांबद्दल आस्था या जिल्ह्यात नाही असं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणच्या उजाड डोंगरावर, अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं आणि त्याचं अध्यक्षपद वडाला दिलं होतं. झाडाला अध्यक्ष करणारा जिल्हा त्याचं व्यक्तिचित्रही काढू शकतो. व्यक्तिचित्र हा शब्द मी विचारपूर्वक वापरतोय. माणसाचं चित्र काढताना आपण कुठलाही माणूस काढत नाही. त्याच्या कपाळावरची खोक काढतो, एका बाजूला पडलेला खांदा काढतो. काठावरच्या जुन्या करंजाला हे मिळायला हवं.

फुगवट्यातल्या एकाच बाभळीची माझ्याकडं चार चित्रं आहेत. पहिल्यात ती पूर्ण बुडालेली, फक्त शेंड्याच्या तीन फांद्या आणि पाणकावळा. दुसऱ्यात पाणी कमरेइतकं उतरलेलं. तिसऱ्यात ती चिखलात मोकळी उभी, मागं गाळपेरीच्या टरबुजांचे वेल आणि पाण्याच्या रेषेवरची ती बारीक मान, यावेळी सरळ न केलेली. चौथं यंदाचं. मान जिथं होती तिथं खोड मोडलंय, वरचं झाड आडवं होऊन काठाला लागलंय आणि त्यावर एका बाईनं गोधडी वाळत घातली आहे. खालचा बुंधा पाण्याबाहेर वीतभर आला आहे. चारही चित्रांच्या मागं मी तारीख लिहिली आहे आणि पाणी खोडाच्या कुठपर्यंत होतं तेही.